चराऊ रानाचे लोकोद्यान



सार्वजनिक बागेच्या फाटकावर बहुधा एक संगमरवरी पाटी असते. अमुक दानशूर गृहस्थांनी अमुक साली ही जागा लोकांना अर्पण केली, असे तिच्यावर कोरलेले असते. आपण ती वाचतो, मनात हात जोडतो आणि आत जाऊन बाकावर बसतो. आमचाही वर्षानुवर्षे हाच क्रम होता. पुढे कामगार चळवळीत पडल्यावर या पाटीकडे पाहण्याची आमची दृष्टी थोडी बदलली. आमच्या युनियनची पहिली सभा एका सार्वजनिक मैदानात भरली. हॉलचे भाडे देण्याची ऐपत नव्हती आणि फुकट हॉल देणारा कोणी भेटला नव्हता. त्या मैदानाने आम्हाला भाडे विचारले नाही, जातही विचारली नाही. तेव्हापासून कोणतीही मोकळी जागा पाहिली की आमच्या मनात तीन प्रश्न येतात: ही जागा आधी कोणाची होती? ती लोकांची कशी झाली? आणि ती लोकांची राहावी म्हणून कोण झटले?

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते सातासमुद्रांपलीकडचे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलीस शहरात ग्रिफिथ पार्क नावाचे एक विशाल उद्यान आहे. उद्यान म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे आणि कारंजी येतात. हे तसे नव्हे. डोंगर, दऱ्या, झुडपी रान आणि मधून पायवाटा असा सुमारे ४,२०० एकरांचा हा मुलूख आहे. आम्ही तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि दूरचा प्रवासही त्याच बाकावरून झाला. परंतु या उद्यानाचा इतिहास वाचताना आपल्याच गल्लीतली हकीकत वाचीत आहोत, असे आम्हाला पुनःपुन्हा वाटले.

आरंभ मुळापासून करू. ज्या भूमीची ही कथा आहे तेथे मूळची वस्ती टोंग्वा नावाच्या लोकांची. त्यांच्याजवळ सातबारा नव्हता, ताम्रपट नव्हता. पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट तेवढी होती. स्पेनचे राज्य आले आणि वहिवाटीला कोणी पुरावा मानीना. १७८१ साली लॉस एंजेलीसची वसाहत बसवण्यासाठी जे कुटुंबकबिले आले, त्यांच्या संरक्षणाला आलेल्या शिपायांत होसे व्हिसेंते फेलिझ नावाचा एक जण होता. पुढे काही वर्षे वसाहतीचा कारभारही त्याच्याकडे होता. या चाकरीबद्दल अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला सरकारकडून सुमारे साडेसहा हजार एकर जमीन मिळाली. अशा जमिनीला तिकडे 'रँचो' म्हणत. आपल्या इनामाशी त्याचे बरेच साम्य आहे. फरक एवढाच, की इनामदार पिकावर जगे आणि रँचोवाला गुरांवर. मैलोगणती चराऊ रान, त्यावर मोकळी सोडलेली गुरे, कातडी व चरबी यांचा व्यापार आणि राबायला पुष्कळदा तेथलेच मूळ रहिवासी, असा तो संसार होता.

राज्ये बदलली. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला, आणि १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेच्या ताब्यात गेला. जुन्या मालकांचे हक्क अबाधित राहतील असे वचन तहात होते. परंतु १८५१ साली कायदा झाला, की प्रत्येक मालकाने आपला हक्क कमिशनपुढे सिद्ध करावा. वचन एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने पुरावा मागितला! फेलिझ घराण्याचा दावा १८५२ साली दाखल झाला. सनद हाती पडली ती १८७१ साली. एकोणीस वर्षे! आमच्यापैकी ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. मध्यंतरी १८६० नंतरच्या दुष्काळात दक्षिण कॅलिफोर्नियातील गुरे हजारोंनी मेली. वकिलांची बिले, सावकारांचे व्याज आणि मेलेली गुरे या तिन्हींच्या कात्रीत ते जुने जमीनदार सापडले आणि रँचो एकामागून एक नव्या धनिकांच्या हाती गेले.

फेलिझांच्या जमिनीबद्दल तिकडे एक दंतकथा आहे. १८६३ साली अंतोनियो फेलिझ देवीच्या साथीत वारला. मृत्युपत्रात पुतणी पेत्रोनिला हिला जमिनीचा तुकडाही ठेवला नव्हता, म्हणून तिने या भूमीला शाप दिला, असे सांगतात. पुढे येथे जे जे वाईट घडले ते लोकांनी या शापाच्या खात्यावर टाकले. आम्हाला शापाविषयी काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्याच्या हातून जमीन कायद्याने जाते त्याच्याजवळ शापाखेरीज उरते तरी काय? शापाची कथा ही पुष्कळदा हरलेल्या पक्षाची कैफियत असते, आणि तिचे टिपण कोर्टाच्या दप्तरात होत नाही म्हणून ते लोकांच्या तोंडी राहते.

अनेक हातांतून फिरत ही जमीन १८८२ साली ग्रिफिथ जेंकिन्स ग्रिफिथ या गृहस्थाकडे आली. चार हजारांहून अधिक एकर त्याने विकत घेतले. हा माणूस कोण? जन्म १८५० साली वेल्समध्ये, कोळशाच्या खाणींच्या मुलखात. पंधराव्या वर्षी अमेरिकेला आला, वर्तमानपत्राच्या धंद्यात शिरला आणि खाणींची बातमीदारी करू लागला. कोणत्या खाणीत किती चांदी आहे ही बातमी आधी ज्याला कळते, त्याला बातमी छापण्यापेक्षा शेअर घेणे अधिक किफायतशीर वाटते. अशा जाणकारीवर त्याने संपत्ती जोडली. लष्करात न चढताच तो स्वतःला 'कर्नल' म्हणवी. रानाच्या एका भागात त्याने एका भागीदाराबरोबर शहामृगांचा फार्म काढला. शहामृगाच्या पिसांची तेव्हा बायकांच्या टोप्यांना मोठी मागणी होती, शिवाय पक्षी पाहायला येणारे लोक सभोवारचे भूखंड विकत घेतील असाही हिशेब होता. थोडक्यात, आपल्या ओळखीचाच हा इसम आहे. असे 'कर्नल' आपल्याकडेही आहेत, फक्त पदवी निराळी.

आणि याच इसमाने १६ डिसेंबर १८९६ रोजी, नाताळची भेट म्हणून, ३,०१५ एकर जमीन लॉस एंजेलीस शहराला देऊन टाकली. सुमारे पाच चौरस मैल! त्या शहराची वस्ती तेव्हा लाखाच्या आतबाहेर होती, आणि जमीन तर शहराच्या हद्दीबाहेर होती. १९१० पर्यंत ती हद्दीत आली नाही. ज्या नगरीत मी भरभराटीस आलो तिचे ऋण फेडणे हे माझे कर्तव्य आहे, आणि ही जागा साध्यासुध्या सामान्य जनांच्या विसाव्यासाठी राहावी, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. जमीन उद्यानासाठी व करमणुकीसाठीच वापरावी, आणि तेथे नेणाऱ्या रेल्वेचे भाडे पाच सेंटांवर जाऊ नये, अशी त्याची अट होती.

ही पाच सेंटांची अट आम्हाला साऱ्या दानाहून मोलाची वाटते. गावाबाहेर बाग देणारे पुष्कळ असतात. पण तिथवर जाण्याचे भाडे कामकऱ्याला परवडेल काय, हा विचार दात्याच्या मनात क्वचितच येतो. घोडागाडी असलेल्याला डोंगर जवळच असतो. ज्याला एक सुट्टीचा दिवस, एक बायको, चार मुले आणि मोजके पैसे आहेत, त्याची बाग गाडीच्या तिकिटापासून सुरू होते.

लोक काय म्हणाले? अर्थात लोक म्हणाले, की कर चुकवण्यासाठी दिली. खडकाळ रान, पिकत नव्हते, विकतही नव्हते. यात काही तथ्य असेल, नसेलही. दात्याच्या मनाचा तळ शोधण्याचा नाद आम्ही सोडून दिला आहे. वाटाघाटीच्या टेबलावर तीस वर्षे बसून आम्ही एवढे शिकलो, की मालकाने पगारवाढ दयेने दिली की भीतीने दिली, हे तपासीत बसू नये. करारावर सही झाली की नाही ते पाहावे आणि कलमे नीट वाचावीत.

मात्र ग्रिफिथच्या एका उपमेविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. सार्वजनिक उद्याने ही महानगराची सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत, आणि तेथे वंश, धर्म, रंग यांवरून कोणाला मज्जाव असू नये, असे त्याचे मत होते. दुसरे म्हणणे त्या काळात उदार होते, आणि त्याबद्दल त्याला श्रेय दिलेच पाहिजे. पहिल्या म्हणण्यावर मात्र गिरणीतल्या माणसाला थांबावे लागते. बॉयलर ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, की सेफ्टी व्हॉल्व्ह बॉयलरच्या मालकासाठी असते. वाफ एवढी का कोंडली, हे ती विचारीत नाही. फुटण्यापुरती वाफ सोडून देते आणि यंत्र पुन्हा चालू राहते. अपुऱ्या मजुरीच्या आणि कोंदट खोलीच्या बदल्यात बाग, असा सौदा आम्हाला मान्य नाही. मजुरीही हवी, खोलीही हवी आणि बागही हवी.

दान झाले, पण दानपत्राने बाग होत नाही. रस्ते नाहीत, पाणी नाही, पहारा नाही, नगरपालिकेच्या तिजोरीत त्यासाठी पुरेसा पैसाही नाही. कित्येक वर्षे ते रान जवळपास रानच राहिले. इतक्यात दात्याचेच चरित्र डागळले. ३ सप्टेंबर १९०३ रोजी सांता मोनिका येथील एका हॉटेलात त्याने आपली पत्नी ख्रिस्तिना हिच्यावर पिस्तूल झाडले. ती खिडकीतून उडी टाकून वाचली. एक डोळा मात्र कायमचा गेला. दारूच्या व्यसनाने बुद्धी भ्रमली होती, असा त्याच्या वकिलांचा बचाव होता. सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात त्याने दोन वर्षांस थोडी कमी इतकी शिक्षा भोगली. तिने घटस्फोट घेतला.

तुरुंगातून सुटल्यावर ग्रिफिथ तुरुंगसुधारणेच्या चळवळीत पडला. आत काय असते ते त्याने पाहिले होते. पुढे १९१२ साली डोंगरमाथ्यावर वेधशाळा बांधण्यासाठी त्याने एक लाख डॉलर देऊ केले. नंतर खुल्या नाट्यगृहासाठी पन्नास हजार. आता शहरात वादळ उठले. शिक्षा झालेल्या माणसाचे पैसे घेणे म्हणजे नगरीने लाच खाणे होय, असे प्रतिष्ठित नागरिक म्हणू लागले. जमीन घेताना अडचण नव्हती, पैसे घेताना आली! विरोधापुढे त्याची योजना अडली. तेव्हा त्याने हे पैसे मृत्युपत्रात ठेवले आणि विश्वस्त नेमून तो १९१९ साली वारला. त्या निधीतून १९३० साली ग्रीक थिएटर हे खुले नाट्यगृह आणि १९३५ साली वेधशाळा उभी राहिली.

डागळलेल्या हाताचे दान घ्यावे काय? आमच्या मते प्रश्न थोडा निराळा विचारावा: घेतल्याने दात्याचा अपराध पुसला जातो काय? जात असेल तर घेऊ नये. नसेल, तर लोकांनी ते जरूर घ्यावे आणि ख्रिस्तिनाच्या डोळ्याची गोष्टही त्याबरोबर सांगावी. दान आणि गुन्हा या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि त्यांची वजाबाकी होत नाही.

आता या इतिहासाच्या त्या पानाकडे येऊ, ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला.

१९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लक्षावधी कामगार बेकार झाले. लॉस एंजेलीस परगण्याने मदतकामे काढली. आपल्याकडे दुष्काळी कामे निघतात, तशीच ही मंदीची कामे. ग्रिफिथ पार्कमध्ये रस्ते काढणे, पायवाटा खोदणे, वाळलेली झुडपे तोडून रान साफ करणे यासाठी बेकारांना तासाला ४० सेंट मजुरी मिळे. ३ ऑक्टोबर १९३३ रोजी, मंगळवारी, तेथे ३,७८४ माणसे कामावर होती. दिवस अतिशय तापलेला. दुपारी दोनच्या सुमारास मिनरल वेल्स नावाच्या दरीत तोडलेल्या झुडपांच्या ढिगाजवळ आग दिसली. ती कशाने लागली ते शेवटपर्यंत ठरले नाही. मुकादमांनी माणसांना फावडी घेऊन आग विझवायला उतरवले. कित्येक जण आपण होऊन धावले. यांतल्या बहुतेकांना आग विझवण्याचे काहीही शिक्षण नव्हते. कोणी हिशेबी होता, कोणी सुतार, कोणी दुकानातला नोकर. आगीसमोर उलट आग लावून तिची वाट तोडण्याचा उपाय अननुभवी हातांनी केला आणि तो अंगाशी आला. तीनच्या सुमारास वारा फिरला. दरीत उतरलेली माणसे उभ्या चढावरून वर पळू लागली. वणवा चढावर माणसापेक्षा वेगाने धावतो.

जळालेले क्षेत्र अवघे ४७ एकर होते. मृतांचा अधिकृत आकडा २९, आणि जखमी दीडशेच्या वर. मेलेले याहून अधिक होते असे त्या काळी पुष्कळ कामगार म्हणत असत, कारण कोण कोठे उतरला होता याची धड मोजदाद कोणापाशी नव्हती. पुढची पंच्याऐंशी वर्षे, म्हणजे २०१८ सालच्या महाभयंकर वणव्यापर्यंत, कॅलिफोर्नियात कोणत्याही वणव्यात याहून अधिक माणसे दगावली नव्हती. आणि ४७ एकर म्हणजे काय? आपल्याकडच्या एखाद्या गिरणीच्या आवाराहून फार मोठे नव्हे.

हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आमच्या हयातीत आम्ही अपघाताच्या बऱ्याच चौकश्या पाहिल्या. हजेरीपत्रकावर नाव नाही म्हणून विधवेला भरपाई नाकारल्याचे पाहिले आहे. माणूस कायम की बदली, मजूर की मदतीवरचा, यावर प्रेताची किंमत ठरताना पाहिली आहे. दरीतल्या त्या माणसांना कोणी 'कामगार' म्हणायलाही तयार नव्हते. ते 'मदत घेणारे' होते. परंतु बंधूंनो, मदत कोण कोणाला करीत होते? आज त्या डोंगरात जो फिरायला जातो, तो त्या काळात त्यांच्यासारख्यांनी खोदलेल्या वाटांवरून चालतो. जमीन एकाने दिली. ती चालण्याजोगी हजारोंनी केली. एकोणतीस जणांनी त्यासाठी प्राण दिले. नाव मात्र एकाचेच आहे.

दीड वर्षाने, १४ मे १९३५ रोजी, त्याच डोंगरावर वेधशाळा उघडली. तिच्या इमारतीत प्रवेश आजही विनामूल्य आहे. तेथील १२ इंची दुर्बिणीतून लक्षावधी सामान्य लोकांनी चंद्र आणि शनीची कडी पाहिली आहेत. माउंट विल्सनवरील मोठ्या दुर्बिणीतून ग्रिफिथने एकदा आकाश पाहिले आणि हे दृश्य प्रत्येकाला दिसले पाहिजे, असा ध्यास त्याने घेतला. विद्वानांच्या दुर्बिणी पुष्कळ असतात. रस्त्यावरच्या माणसाने डोळा लावावा म्हणून बांधलेली दुर्बीण विरळा. या एका गोष्टीसाठी आम्ही त्या माणसाला मानाचा मुजरा करतो.

बाग झाली, तरी लढा संपला नाही. मोकळी जागा दिसली की प्रत्येक खात्याला आपली गरज आठवते. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना राहायला घरे नव्हती. १९४६ साली उद्यानात पत्र्याच्या अर्धगोल ७५० झोपड्या उभारून दीड हजार कुटुंबांची वसाहत केली. ही गरज खरी होती, आणि बेघरापुढे बागेचे स्तोत्र गाणे आम्हाला शोभणार नाही. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की वसाहत तात्पुरती म्हटली होती आणि ती १९५४ साली खरोखर उठली. 'तात्पुरते' या शब्दाचा आपल्याला जो अनुभव आहे, त्यावरून हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

दुसऱ्या आक्रमणांना अशी सबब नव्हती. १९५० नंतर मोटारींचा महामार्ग उद्यानाच्या पूर्व कडेने गेला आणि सुमारे २०० एकर गिळून गेला. १९५७ पासून टोयॉन नावाच्या दरीत शहराचा केरकचरा टाकू लागले. ते १९८५ पर्यंत चालले. ग्रिफिथचा मुलगा व्हॅन याने बापाच्या दानपत्राची आठवण देत शहराशी वर्षानुवर्षे झगडा केला, कोर्टातही गेला. कचऱ्याच्या प्रकरणात तो हरला. दरी भरून काढल्यावर वर बागच करू, म्हणजे हे उद्यानाचेच काम, असा युक्तिवाद सरकारी बाजूकडे होता. दानपत्रातले शब्द तेच राहिले. अर्थ मात्र कचऱ्याच्या गाडीतून आला!

तरीही उद्यान उरले, आणि वाढलेही. २००७ साली पुन्हा मोठा वणवा पेटून आठशेवर एकर जळाले. पण प्राणहानी झाली नाही. शिकवलेली माणसे आणि योग्य साधने असली म्हणजे केवढा फरक पडतो, याचा हा दाखला आहे. दात्याच्या वंशजाच्या खटपटीने २००९ साली शहराने साऱ्या उद्यानाला ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षण दिले. २०१० साली प्रसिद्ध हॉलीवूड अक्षरांमागील १३८ एकर डोंगर बंगल्यांच्या भूखंडांसाठी विकला जाण्याच्या बेतात होता, तो देणग्या जमवून विकत घेतला आणि उद्यानाला जोडला. १८९६ साली एकाने दिले होते. या खेपेस अनेकांनी मिळून दिले. हा फरक आम्हाला फार आशादायक वाटतो.

आता समारोप. टोंग्वांची वहिवाट राजाच्या सनदेने गेली, फेलिझांची सनद कायद्याच्या दिरंगाईने गेली, ग्रिफिथचे खरेदीखत दानपत्रात विलीन झाले, आणि दानपत्रालाही कचऱ्याच्या गाड्या अडवता आल्या नाहीत. कागद पाहिजेच, करारनाम्यावर उभ्या आयुष्याची चळवळ करणारे आम्ही, कागदाची थट्टा करणार नाही. पण कागदामागे माणसे उभी नसतील तर तो उधईचे खाद्य होतो. जेथे लोक रोज जातात, मुले खेळतात, म्हातारे बसतात, सभा भरतात, ती जागा बळकावणे कठीण जाते.

म्हणून आपणांस एक विनंती आहे. उद्या संध्याकाळी आपल्या गावच्या बागेत जा. पाटी वाचा, दात्याला हात जोडा. मग माळ्याला त्याचे नाव विचारा, त्याला पगार वेळेवर मिळतो काय तेही विचारा. नंतर बागेला एक फेरी घाला आणि कुंपण गेल्या वर्षी होते तेथेच आहे ना, ते पाहून या.